नववा चौकोन

देवीच्या पाषाणावर चिकटवलेली ओली पाकळी डावीकडे घसरून खाली पडली आणि तिच्याबरोबर माझी पीएच.डी.ही.

“डावो कौल,” बाबनी गुरव म्हणाला. आवाजात दुःख वगैरे काही नाही. बँकेतला माणूस ‘सही जुळत नाही’ म्हणतो, तसा.

“म्हणजे?” मी विचारलं. मला कळलं होतं, पण विचारून बघायला काय जातं.

“म्हंजे रानात जावक हरकत नाय. ता पयल्या कौलात झाला, उजवो पडलो. पण झाडां मोजूची नाय.”

“अहो, मी मोजायलाच आलोय! मोजायचं नसेल तर आत जाऊन करू काय?”

“बस. थंड आसा.”

मागे बसलेल्या मानकऱ्यांनी माना हलवल्या. आत थंड आहे, याबद्दल गावात एकमत होतं.

खरं तर कौल एकच लावायचा ठरला होता. बाबनीने गाऱ्हाणं घालायला सुरुवातही केली होती. “बाये सातेरी, हो शेरातलो झिल तुझ्या दारात इलो आसा...”

“व्हय म्हाराजा!” मागून सगळे.

“तेका तुझ्या रानात जावन झाडां मोजूची आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“कित्याक ता तेकाच ठावक...”

“व्हय म्हाराजा!” हे सगळ्यांत जोरात.

तेवढ्यात आबा गवस खाकरले. आबा गावचे मुख्य मानकरी, आणि मी त्यांच्याच पडवीत राहायचो. ते म्हणाले, “बाबनी, जावचा वेगळा आणि मोजूचा वेगळा. दोन प्रश्न कर.” दोन केले. एक पास, एक नापास. आमच्या विद्यापीठात याला एटीकेटी म्हणतात आणि पुन्हा बसायला मिळतं. म्हणून मी म्हटलं, “परत एकदा लावा ना. तीनातनं दोन.”

“हो टॉस नाय, मास्तर,” बाबनी म्हणाला आणि पाषाण पुसायला लागला.

मी मास्तर नव्हतो. पण सावरखोलमध्ये चष्मा असलेल्या आणि काम नसलेल्या माणसाला मास्तर म्हणत, आणि दोन्ही अटी मी पूर्ण करत होतो.

ही मी तिशीला टेकलो असतानाची गोष्ट. सावरखोल हे तळकोकणात सह्याद्रीच्या अगदी पायाशी. वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, मधे उतार, खाली ओली दरी. दरीच्या तळाला सातेरीची देवराई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान. तिथली काटकीही कोणी घरी नेत नाही. माझ्या प्रबंधाचा विषय असा की एकाच गावावर एकच ढग येतो, एकच पाऊस टाकतो, मग वरच्या झाडांत आणि खालच्या झाडांत एवढा फरक का? त्यासाठी गावाच्या नकाशावर नऊ चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातलं झाडन् झाड मोजायचं: जात कुठली, खोडाचा घेर किती. आणि प्रत्येकाला नंबराची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकायची, म्हणजे पाच वर्षांनी येऊन कोण जगलं, कोण मेलं ते बघता येतं.

चौकोन कुठे पाडायचे हे मी ठरवायचं नव्हतं. माझे मार्गदर्शक खासनीस सर संगणकाकडून आकडे काढून घेत, आणि तो बोट ठेवेल तिथे मी जायचं. चौथ्या चौकोनाचं बोट सड्यावर पोरांच्या क्रिकेटच्या पिचवर पडलं. अख्ख्या चौकोनात एक जांभूळ, आणि ते स्टंप म्हणून वापरात होतं. मी सरांना विचारलं, हा सोडून देऊ का? सर म्हणाले, “ओव्हर संपेपर्यंत थांब.”

असे आठ झाले होते. नववा देवराईत. तोच खरा. सड्यावर झाडांच्या जाती थोड्या, उतारावर बऱ्या, आणि दरीत भरपूर, असं मी चार वर्षं म्हणत होतो. पण दरीतला सबंध चौकोन तो एवढाच. तो नसेल तर माझा आलेख वर चढता चढता जिना अर्धवट सोडून निघून गेलेल्या गवंड्यासारखा दिसणार होता. जूनच्या आत मोजणी झाली नाही तर पावसाळ्यात त्या दरीत शिरता येत नाही, आणि पावसाळ्यानंतर विद्यापीठ मला शिरू देणार नव्हतं. माझी मुदत दोनदा वाढवून झाली होती.

फोनची रेंज फक्त सड्यावर. धापा टाकत चढलो.

“सर, देवी नाही म्हणाली.”

“कोण देवी? परवानगी वनखात्याची लागते.”

“ती आहे सर. देवीची नाहीये.”

“मग मिळव. अडचण काय आहे?”

“पाकळी डावीकडे पडली.”

तिसाव्या वर्षापासून साठीपर्यंत सरांनी विद्यार्थ्यांच्या सगळ्या सबबी ऐकल्या होत्या. ही नवी असावी.

“सर, चौकोन जरा बाजूला सरकवूया? देवराईच्या कडेला?”

“कडेला काय आहे?”

“काजूची बाग.”

“निनाद, बिंदू सरकवायचा नाही. आकडा एकदा निघाला की निघाला. आज थोडा सरकवलास की उद्या सावली बघून सरकवशील, परवा हॉटेल बघून. मग ते संशोधन राहत नाही, सहल होते.”

“पण सर, इथेही तसंच म्हणतात. पाकळी एकदा पडली की पडली.”

“मग त्यांची पद्धत बरोबर आहे,” सर म्हणाले आणि फोन ठेवला.

खाली येताना मी मोठमोठ्याने बोलत होतो. संगणकाचा कौल बदलायचा नाही, देवीचा कौल बदलायचा नाही. बदलायचं फक्त निनाद गुळवणीने. एका गुराने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि चरायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी वाटाघाटी सुरू केल्या.

“बाबनीकाका, मोजत नाही. नुसता अंदाज करतो.”

“अंदाज म्हंजे काय? वायच कमी मोजणा.”

“फोटो काढतो. फोटो मोजणं नाही ना?”

“फोटोचा काय करतलंस?”

“घरी जाऊन...” मी थांबलो.

“मोजतलंस,” बाबनी म्हणाला. “घराकडे जावन मोजलंस तरी मोजलाच.”

“बरं, डोळे मिटून जातो. हाताने चाचपतो.”

“आणि तोंडान पुटपुटतंस. माका ठावक आसा. तू पेजेतली शितांसुदा मोजतंस.”

हे अन्यायाचं होतं. शितं मी एकदाच मोजली होती, आणि ती कंटाळ्याने.

जेवायला आबांच्या ओटीवर बसायचो. वाढायला त्यांची सून प्रज्ञावहिनी. नवरा गोव्यात एका कारखान्यात, शनिवारी यायचा. बाकीचे दिवस घर, गुरं, सासरा आणि मी, एवढ्यांना ती एकटी हाकत असे. एका दुपारी आबांनी स्वतःहून विषय काढला.

“सड्यार पाऊस पडता तोच खोलात पडता. मगे फरक कसलो, सांग बघू.”

मला वाटलं, समजावून सांगितलं तर विरघळतील. भात बाजूला सारून मी ताटातच सावरखोल मांडलं. पालथी वाटी म्हणजे सडा. वर जांभा दगड, माती बोटभर, वर सुसाट वारा. कितीही पाऊस पडू दे, पाणी तासाभरात खाली. मग पुढचे आठ महिने कोरडे. ते उपाशी काढू शकेल तेच झाड तिथे टिकतं. जांभूळ, अंजनी, बस्स. तीसुद्धा बुटकी. उतारावर माती आहे, पाणी माघापर्यंत राहतं, म्हणून ऐन, किंजळ, बेहडा. आणि सगळं पाणी झिरपत झिरपत येतं ते खाली, आमटीच्या या तळ्यात. मे महिन्यातही चिखल. तिथे वारा नाही, कोरडे महिने जवळपास नाहीत. तिथे नाजूक, हट्टी, चोखंदळ, कुठल्याही झाडाला जागा मिळते.

“म्हणजे किती पाऊस पडला हे झाडं विचारत नाहीत, आबा. तो गेल्यावर किती महिने काढायचे, हे विचारतात.”

“म्हंजे सड्यार खानावळ आणि खोलात लग्नाची पंगत,” वहिनी म्हणाली आणि सड्यावर कोकमाची कढी ओतली.

“अगदी बरोबर. हे लिहायला मला चार वर्षं लागली.”

“लिवलंस ना?” आबा म्हणाले. “मगे आता मोजूक कित्याक होया?”

“कारण सिद्ध करायला लागतं!”

“कोणाक?”

“विद्यापीठाला!”

“तेंका पंगतीक बोलव.”

माझा संयम तिथे संपला. मी हात धुतले नाहीत, तसाच उठलो. “आबा, चेष्टा पुरे. चौकोन सरकवायचा नाही, कौल बदलायचा नाही, फोटो नाही, अंदाज नाही. झाडं मोजायची नाहीत तर मोजू काय? माणसं मोजू?”

आबांनी शांतपणे ताक संपवलं.

“माणसां मोज,” ते म्हणाले. “माणसांका काय. सरकार मोजताच. आमका कितीदा मोजल्यानी. काय एक होवक नाय.”

“आबा, मी चिडून बोललो.”

“मी चिडाक नाय. एकेका झाडाकडे एकेक माणूस उबा ऱ्हवात. मगे बाहेर येतीत. तू माणसां मोज.”

मी वहिनीकडे बघितलं. ती हसत नव्हती. “दोरी न्हेवची,” ती म्हणाली. “खोडाक गुंडाळायची, गाठ मारायची. बाहेर येवन तू दोरी मोज. दोरी काय झाड नाय.”

“आणि जात?”

“खाली पडलेला पान हाडूचा.”

हे इतकं मूर्खपणाचं होतं की त्यात मला चूक सापडेना. दुसऱ्या दिवशी बाबनीने गाऱ्हाणं घातलं: “हो झिल आता माणसां मोजूचा म्हणता...” मानकरी “व्हय म्हाराजा” म्हणाले, यावेळी काहीशा काळजीने. पाकळी उजवीकडे अशी सुटली, की जणू देवीलाही माझ्यापासून सुटका हवी होती.

फक्त गावात माणसं नव्हती. सावरखोलमध्ये उरलेली होती ती चाळीसेक, त्यातली निम्मी खाटेवर. देवराईच्या चौकोनात झाडं किती ते मोजायचं नसल्याने माहीत नव्हतं, पण शंभराच्या आत नक्की नसणार. म्हणून चाकरमान्यांची वाट बघायची ठरली. मे महिन्यात मुंबईहून माणसं येतात, घरं उघडतात, गाव आठ-पंधरा दिवस भरतं. माझ्या प्रबंधाची तारीख विद्यापीठाने नाही, शाळांच्या सुट्टीने ठरवली.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे देवळापुढे जमले. अनवाणी. प्रत्येकाच्या हातात सुंभाचा तुकडा. मी नियम सांगितला: दोन्ही हातांच्या पंजात मावत नाही एवढ्या जाडीचं प्रत्येक झाड, छातीच्या उंचीला दोरी, दोरीला गाठ, त्याच झाडाचं पान. बाबनीने चार कोपऱ्यांना काठ्या रोवून चौकोन आखला. मग तो माझ्याकडे वळला.

“मास्तर, तू पाठ कर.”

“काय?”

“तू बघलंस तर मोजतलंस.”

आणि अशा रीतीने पश्चिम घाटातल्या सगळ्यांत समृद्ध रानांपैकी एकाच्या अभ्यासाचा मुख्य दिवस मी त्या रानाकडे पाठ करून, एस.टी.च्या थांब्यावरचा कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक बघत काढला. फलकावर त्याच्यासकट एकवीस चेहरे होते. ते मोजायला बंदी नव्हती.

मागून आवाज येत होते.

“ता माझा! मी पयली इलंय!”

“तुका काजरो दिलो ना? तो घे. तुझ्यासारकोच कडू.”

“ह्या बारीक झाडाकडे मी उबो ऱ्हवूचंय नाय. मी उपसरपंच आसय.”

“तुझ्या मापाचाच आसा ता!”

दोन जावा सीतेच्या अशोकासाठी भांडल्या. शेवटी धाकटीला सुरंगी देऊन तडजोड झाली. एक काका बाहेर येऊन माझ्या पाठीला विचारून गेले, की झाडावर वेल आहे, तिचा वेगळा माणूस लागेल का. मी फलकाकडे बघत म्हटलं, वेलीला माणूस नको. ते पुटपुटले, बाईमाणसाची किंमत नाय.

मग बाबनी ओरडला, “मास्तर, माणसां संपली!”

“आणि झाडं?”

“ता सांगूचा नाय!”

“निदान संपली की नाही ते तरी सांगा!”

“नाय संपली!”

माझ्या चार वर्षांचा हिशोब डोळ्यांपुढे कोसळत असताना वळणावर दुपारची एस.टी. दिसली. मी आयुष्यात कधी बस अशी थांबवली नव्हती. रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो. चालकाने काच खाली करून माझं खानदान विचारलं.

“दहा मिनिटं द्या. फक्त उतरून एकेका झाडाला मिठी मारायची आहे.”

चालकाने वाहकाकडे पाहिलं. वाहक उतरला, देवराईच्या दिशेने हात जोडले आणि विचारलं, “सातेरीचा काम काय?”

“तिचंच,” मी म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या खरं होतं.

अख्खी बस उतरली. चपला बसच्या दाराशी रांगेने लावून, हातात सुंभाचा एकेक तुकडा घेऊन चालक, वाहक, दोन कॉलेजच्या मुली, मासळी विकून परतणारी एक बाई आणि बाजाराला निघालेलं एक आजी-आजोबांचं जोडपं रानात गेलं. थोड्या वेळाने बाबनीची हाक आली: “पुरे! झाली!”

एकेक जण बाहेर यायला लागला. मी नाव लिहून घ्यायचो, दोरी गाठीपर्यंत मोजायचो, पान बघायचो. लगेच घोळ सुरू झाले. चौघांनी शेजारच्या झाडाचं पान आणलं होतं. एकाने देवळातल्या चाफ्याचं आणलं, कारण ते स्वच्छ होतं. त्यांना परत आत पाठवलं. मासळीवाल्या बाईने दोरी दिली आणि पानाऐवजी माझ्या हातात एक बांगडा ठेवला, देवीच्या कामासाठी. उपसरपंचांची दोरी सगळ्यांत लांब होती. वहिनीने ती दोनदा तपासली आणि मधला जोड दाखवला.

वैतागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती, तेव्हाच मला पानं दिसायला लागली. म्हणजे सकाळपासून मी दोऱ्या, नावं, बायकांची भांडणं यातच होतो. वहिनीने चटई पसरून पानं जातीप्रमाणे लावायला घेतली होती, आणि चटई संपली. दुसरी आणली. रातांबा, सुरंगी, अशोक, सातवीण, रानजायफळाचं हाताएवढं पान, भेरल्या माडाचं माशाच्या शेपटीसारखं. काही मला ओळखता येईनात. सड्यावरच्या सगळ्या चौकोनांत मिळून जेवढ्या जाती मला मिळाल्या होत्या त्या पहिल्या चटईच्या एका कोपऱ्यात मावल्या असत्या. त्याच ढगाखाली. तेवढ्याच पावसात. माझा जिना पूर्ण झाला होता, आणि वर गच्चीही निघाली होती.

शेवटी आबा बाहेर आले. हात मोकळे.

“आबा, दोरी?”

“नाय.”

“पान?”

“नाय.”

“झाडापाशी उभे होतात ना?”

“होतंय.”

“कुठलं झाड?”

“ता माझा. तुका सांगूचा नाय.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “आबा, एक झाड कमी पडलं तर चौकोन अपुरा राहतो. सर मानणार नाहीत. बाकी सगळ्यांनी दिलं!”

“मी इलंय मरे भायर. माका मोज.”

“तुम्हाला मोजून काय करू? तुमची जात काय लिहू, गवस?”

लोक हसले. आबा हसले नाहीत. ते देवळाच्या पायरीवर बसले आणि मला शेजारी बसायची खूण केली. लोक आपापल्या चपला शोधत पांगले. बसचा भोंगा वाजला.

“माझ्या आवशीच्या गावात धरण इला,” आबा म्हणाले. “पयले कोण इले, ठावक? तुझ्यासारके. चष्मेवाले. भले लोक. आमच्याच आजोळाक जेवायचे. तेंनी हरएक झाडाक पिवळो नंबर घातल्यानी. आमका बरा वाटला. आजो म्हणालो, सरकारान आमची झाडां मोजली, म्हंजे आता तेंचा लक्ष आसा.”

मी मांडीवरची वही मिटली.

“मगे दुसरे इले. ते भले नाय आणि वायटय नाय, कामाचे. तेंनी एकापासून सुरवात केल्यानी. नंबर बघीत गेले, कापीत गेले. शेवटचो नंबर झालो तेवा थांबले. रस्तो रुंद केलो तेवा तसाच. शाळेकडचो वड, तसाच. मी अजून नंबर घातलेला झाड खंय उबा ऱ्हवलेला बघूक नाय, मास्तर.”

“म्हणून तुम्ही प्रश्न दोन करायला लावलेत.”

“कौल देवीचो. मी फकत प्रश्न सुटो केलंय.” ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “तुझा काम झाला. तू बरो झिल आसस. पण एक असांच ऱ्हवांदे.”

तसाच सड्यावर चढलो.

“सर, नववा झाला.”

“जाती?”

सांगितल्या. पलीकडून शिट्टी आली. सरांना शिट्टी वाजवता येते, हे मला तेव्हा कळलं.

“एक झाड अनोळखी आहे सर. जात नाही, घेर नाही. फक्त ते आहे.”

“प्रत्येक रानात एक असतं. पट्ट्या ठोकल्यास?”

“पट्ट्या आहेत सर. पण त्या चालत्या आहेत.”

“म्हणजे?”

“प्रत्येक झाडाचा एक माणूस आहे. त्याला त्याचं झाड माहीत आहे. एक पट्टी नालासोपाऱ्यात रिक्षा चालवते. सहा परळला. एक एस.टी.त वाहक आहे, ती रोज दुपारी इथून जाते.”



“फेरमोजणीला सापडतील?”

“गणपतीला नक्की येतात सर. मेमध्येही बरेच.”

“हं,” सर म्हणाले. “अ‍ॅल्युमिनियमच्याही पाचातली एक हरवतेच. लिही. पण नियम तोच. पट्टी सापडली नाही तर झाड मेलं असं धरायचं.”

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पद्धतीचं ते एक पान तीनदा वाचलं आणि पाणी मागितलं. पण पदवी दिली.

पाच वर्षांनी फेरमोजणीला गेलो. तोवर मी एका कॉलेजात नोकरीला लागलो होतो आणि स्वतःच विद्यार्थ्यांच्या सबबी ऐकत होतो. मे महिना, देवळासमोर माणसं, सुंभाचे तुकडे, मी रस्त्याकडे तोंड करून. प्रज्ञावहिनीने हाका मारायचं काम हाती घेतलं होतं. आबा दोन पावसाळ्यांपूर्वी गेले होते. आणखी काही जण गेले होते. वाहकाची बदली घाटावर झाली होती. कॉलेजच्या मुलींपैकी एक लग्न होऊन दुबईला. ज्यांची माणसं आली नाहीत ती झाडं आत उभीच होती, पण कुठली कोणाची ते सांगणारं कोणी नव्हतं.

आकडे घेऊन सरांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते. नियम झाले नव्हते. नवव्या चौकोनातल्या मेलेल्या झाडांचं प्रमाण बघून त्यांनी चष्मा काढला.

“सगळ्यांत ओल्या जागी सगळ्यांत जास्त मरतायत? सड्यावर एवढं वादळ झालं, तिथे दोन गेली. इथे एवढी? कशाने?”

“मधुमेह, सर. दोन हार्ट अटॅक. एक सासर.”

“निनाद.”

“सर, एकही झाड पडलेलं नाही. वहिनी सांगते, आत पाय ठेवायला जागा नाही इतकी दाटी आहे.”

“वहिनी सांगते हे लिहिता येत नाही. पट्टी नाही, तर झाड नाही. आपणच ठरवलंय.” त्यांनी पेन उघडलं आणि एकेक नाव वाचत पुढे खूण करायला लागले. मी समोर बसून चहा थंड केला. इतक्या वर्षांत त्यांच्याशी वाद घालून मी एकदाही जिंकलो नव्हतो, आणि त्या दिवशीही जिंकायची ताकद नव्हती.

“विठ्ठल अनंत गवस.”

“आबा.”

“आहेत?”

“नाहीत.”

सरांचं पेन कागदाकडे गेलं.

“ते नको, सर.”

“का? पट्टी सापडली?”

“नाही. पण पट्टी नव्हतीच. त्यांनी दोरी दिली नव्हती, पान दिलं नव्हतं, झाड दाखवलं नव्हतं. कोणालाच. ज्याच्यावर आपण कधी खूण केली नाही, त्याची खूण हरवली असं कसं लिहिणार?”

सर माझ्याकडे बघत राहिले. नियम चुकतो आहे की मी, हे ते तपासत असावेत. आत काकूंनी कुकर बंद केला.

“मग काय लिहू?”

“जिवंत.”

त्यांनी लिहिलं. आमच्या पद्धतीप्रमाणे सावरखोलमधलं ते एकच झाड आता कधीही मरू शकत नाही.